ओनीच्या मधमाश्या

तळ्यातलं घर, लॉक फिन्नर
संत ब्रिजिटच्या सणानंतरचा तिसरा दिवस, १४७२

चि. सौ. इस्मेस, लसरीनाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र ब्रदर मलाकीनं हातात दिलं. सोबतच्या सुक्या अंजिरांपैकी चार पोचली. बाकीच्यांचं काय झालं विचारलं तर म्हणाला, वाटेत पाऊस होता, भिजून वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी आलेली बरी. मठात राहून माणूस परोपकार शिकतो तो असा.

तुझा दीर फेलिम, आमचा सरदार, अंथरुणाला खिळलाय. वैद्य म्हणतो, नवं गवत वर येईपर्यंत काढेल. गवत कुठलं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. फेलिम दिवसभर छताकडे बघत असतो आणि मधेच खोगीर आणा म्हणतो. कुठे निघालात विचारलं तर हसतो. आयुष्यभर मी त्याची थट्टा केली, पण ते हसू बघून मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

इथे सकाळचं धुकं इतकं दाट, की काठावरच्या गायी पाण्यावर तरंगतायत असं वाटतं. मी दारात बसून कुठली खरी आणि कुठली स्वप्नातली हे ठरवत असते. मग धारा काढणाऱ्या बायका येऊन निकाल देतात.

आपला ओनी, म्हणजे तू जन्म दिलेला आणि मी वाढवलेला, चोवीस वर्षांचा घोडा झालाय. तरी उठल्या उठल्या आधी मधमाश्यांच्या टोपल्यांपाशी जातो आणि घरातली बातमी त्यांना हळू आवाजात सांगतो. परवा फेलिम आजारी असल्याचं सांगत होता. अकरा वर्षांत त्याला एकही माशी चावलेली नाही. मला त्याच टोपल्यांवरून जाताना पदर तोंडावर घ्यावा लागतो. माश्यांनाही माणसं कळतात.

एकच गोष्ट मनाला लागून राहिलीय. ओनी दिवाणखान्यात आला की हल्ली म्हातारी माणसं उठून उभी राहतात. याआधी कोणी बूडसुद्धा हलवत नव्हतं.

कळावे. लोभ आहेच, तो इथल्या हवेसारखा ओला राहू दे.
तुझी, लसरीना


बॅलीरॉस, तटाच्या आत
लेंटच्या उपासांचा दुसरा रविवार

ती. लसरीनाताईस, इस्मेचे शि. सा. न. वि. वि.

दिवाणखान्यात कोण उठून उभं राहतं हे तू तक्रार म्हणून लिहिलंस. मी ते वाक्य दहादा वाचलं, आणि दरवेळी मला सुख झालं.

माझा भाऊ जिल्बर्ट परवा जेवायला आला होता. तो बॅरन असला तरी माझ्या घरी मासे खाताना काटे माझ्याकडून काढून घेतो. फेलिमच्या आजारपणाची बातमी त्याला माझ्याआधी होती. तो म्हणाला, ओनी सरदारकीच्या शिळेवर उभा राहणार असेल तर टेकडीच्या पायथ्याशी माझे चाळीस स्वार उभे राहतील. पलीकडच्या मुलखाचा सरदार बहिणीचा मुलगा असला, की मला निवांत झोप लागेल, असंही म्हणाला. इतक्या मायेनं तो लहानपणीसुद्धा बोलला नव्हता.

ताई, तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. आपल्या रीतीप्रमाणे पाच वर्षांचा ओनी मी वाढवायला तुझ्या पदरात घातला. तेव्हा वाटलं होतं, चार कोसांवरच तर आहे, दर सणाला बघेन. सहा महिन्यांत त्याचे वडील मारले गेले. जिल्बर्टनं मला इथे आणलं आणि लोकरीच्या व्यापाऱ्याशी लग्न लावून दिलं. आमचे हे चांगले आहेत. पण तटाबाहेर तुमच्या लोकांत जायचं म्हटलं की तटातल्यांनी बाहेरच्यांत मिसळू नये, या कायद्याचा कागद काढतात. आणि ओनीनं इथे यायचं तर त्याच कायद्यानं मिशी काढायची, अंगावरचा झगा टाकायचा. मिशी काढून आईला भेटायला ये, असा निरोप मी कोणत्या तोंडानं पाठवू? एकोणीस वर्षं झाली.

तो सरदार झाला तर मला कोणी अडवू शकणार नाही. सरदाराच्या आईला कायदासुद्धा बाजूला सरून वाट देतो. मला एवढंच हवंय.

सोबत लाल चामड्याचे बूट पाठवते आहे, त्या दिवशी त्याच्या पायात घालायला. माप नव्हतं. त्याच्या वडिलांचा एक जुना बूट पेटीत जपून ठेवला होता, तो चांभाराला दाखवला.

कळावे. माझा हट्ट पोटात घालावा आणि लोभ तसाच राहू द्यावा.
तुमची, इस्मे


तळ्यातलं घर
संत पॅट्रिकच्या सणाची संध्याकाळ

चि. सौ. इस्मेस, अ. उ. आ. वि. वि.

फेलिम गेला. सकाळी खोगीर मागितलं, दुपारी निघून गेला. ओनीनं टोपल्यांना सांगितलं आणि मग तिथेच बसून राहिला.

भाऊबंद जमले होते. दोन दिवस जेवले, तिसऱ्या दिवशी विचार केला. फेलिमचा धाकटा भाऊ टर्लो स्वतःला सरदार समजूनच आला होता, सोबत कुऱ्हाडी घेतलेले स्कॉटलंडचे भाडोत्री शिपाई. पण टर्लोला सगळे भितात. आणि भिणारी माणसं एकत्र बसली की ज्याला कोणीच भीत नाही त्याचं नाव घेतात. ओनीचं नाव निघालं. मे महिन्याच्या सातव्या दिवशी टेकडीवर शिळेच्या खाचेत त्यानं उजवा पाय ठेवायचा, पांढरी काठी हातात घ्यायची, असं ठरलं.

आता माझं ऐक. माझे यजमान राजकवी होते. त्या शिळेवर उभे राहिलेल्यांच्या घराण्याची वंशावळ ते म्हणायचे, मी चूल फुंकता फुंकता ती पाठ केली. त्यात सरदारांची अकरा नावं आहेत. अंथरुणात मेले ते दोन. एक फेलिम, आणि दुसऱ्याच्या अंथरुणाला आग लागली होती.

काल टर्लो माझ्याकडे येऊन गेला. ओटची भाकरी आणि लोणी खाल्लं, लोण्याचं कौतुक केलं. म्हणाला, मुलगा गुणी आहे हो, मला त्याचं फार वाईट वाटेल. काय झाल्यावर वाईट वाटेल ते बोलला नाही. मीही विचारलं नाही, अजून थोडं लोणी वाढलं.

ओनीनं मला विचारलं, शिळेला नाही म्हणता येतं का. मी खरं ते सांगितलं. जो स्वतःहून पाठ फिरवतो, त्याच्या वडिलांचं नाव वंशावळीतून गाळतात. पुढे कोणी, कुठेही, ते उच्चारत नाही. वडिलांचं त्याच्याकडे दुसरं काही नाही, इस्मे. एक नाव आहे आणि आता हे बूट. बूट त्याला अगदी बरोबर आले. तेच घालून तो चिखलातून माश्यांकडे गेला.

सुटकेची वाट एकच. शिळेवर उभा राहणारा अव्यंग लागतो. फेलिमच्या चुलत्याच्या नाकाचा शेंडा घोड्यानं तोडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोणी पाणी विचारेना. आणि तोंडावर खोट आणण्याबद्दल माझं या मुलखात जे नाव आहे ते तुला माहीत आहे. मी कुणावर निंदेचं कडवं रचलं की त्याच्या तोंडावर फोड येतो, म्हणतात. मठाधिपतीच्या नाकावर आला होता हे खरं. त्याआधी तीन आठवडे तो आंबलेली वाईन ढोसत होता हेही खरं. लोकांनी पहिलं तेवढं लक्षात ठेवलं आणि मी दुसरं कधी बोलले नाही.

तू नको म्हण. तुझ्या भावाला सांग, स्वार घरी ठेव. आई नको म्हणाली तर भाऊबंद पुन्हा बसतील.

कळावे. रागावलीस तरी चालेल, लोभ मात्र सोडू नकोस.
लसरीना


बॅलीरॉस
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

ती. लसरीनाताईस, सा. न. वि. वि.

मी नको म्हणणार नाही.

तू लिहितेस ती भीती खरी असेल. पण जिल्बर्टचे चाळीस स्वार असताना टर्लो काय करणार? मी भावाला तुझ्या शंका सांगितल्या. तो हसला आणि म्हणाला, कवींच्या घरात मरणं फार असतात, कारण त्यांना यमकं लागतात. सप्टेंबरअखेरच्या मिकेल्मसच्या सणाला नव्या सरदाराला तो स्वतःच्या वाड्यात जेवायला बोलावणार आहे. मलाही बोलावलंय. मी आतापासून झगा शिवायला टाकलाय. स्वप्नात मी रोज त्या जेवणाला जाते. लांब टेबल असतं, टोकाला ओनी बसलेला असतो. पण मी त्याच्याकडे चालायला लागले की टेबल लांबत जातं. तरी मी चालत असते.

एक गोष्ट लिहिते, लिहू नये अशी. तुला तो मरेल याची भीती नाही, ताई. तुला तो जाईल याची भीती आहे. एकोणीस वर्षं तू त्याला तळ्यात ठेवलास, माश्यांमध्ये. आता तो जगाचा होतोय तर तुला अव्यंग आणि व्यंग आठवतंय. माझ्या मुलावर कडवं रचशील तर तुझी जीभ झडेल.

लोभ असावा असं लिहायचं असतं म्हणून लिहिते.
इस्मे


तळ्यातलं घर
मेचा आठवा दिवस

इस्मेस, आशीर्वाद.

झालं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

काल सकाळी सगळे टेकडीवर जमले. धुकं गुडघ्यांपर्यंत होतं. पाय कुणालाच नव्हते, नुसती धडं वाऱ्यावर हलत होती. तुझ्या भावाचे स्वार खाली दिसत होते, म्हणजे त्यांचे भाले. ओनी वर चढून आला तेव्हा आधी कोणी ओळखलंच नाही. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, डावा डोळा आत कुठेतरी गेलेला. शिळेजवळ धुकं जरा फाटलं आणि पायातले तुझे लाल बूट दिसले, त्यावरून कळलं.

मी पुढे झाले आणि सांगितलं की आदल्या दिवशी मी त्याच्यावर कडवं रचलं. त्यामुळे त्याच्याच माश्या त्याच्यावर उलटल्या. अकरा वर्षांत ज्याला एक चावली नव्हती त्याला तीस-चाळीस चावलेल्या सगळ्यांच्या समोर होत्या, तेव्हा शंका कोणी घेतली नाही. एक म्हातारा एवढंच पुटपुटला की हिनं पोटच्यापेक्षा जवळच्याला सोडलं नाही, आपण कोण.

टर्लो शिळेवर चढला. उतरल्यावर त्यानं माझ्या हाताचं चुंबन घेतलं. मला जी शिक्षा झाली त्यात ही सगळ्यात कडक. बाकीची साधी आहे. आपण वाढवलेल्यावर विनाकारण कडवं रचणारीला दिवाणखान्यात जागा नाही. विस्तवाजवळचं माझं पिढं त्यांनी बाहेर नेऊन ठेवलं. त्यावर आता कोंबडी बसते, माझ्याइतक्याच तोऱ्यात.

वैद्य म्हणतो सूज उतरेल. डावा डोळा परत येणार नाही.

काय मागू तुझ्याकडे? काही मागत नाही.
लसरीना


बॅलीरॉस
मेचा अठरावा दिवस

लसरीना,

वर नमस्कार लिहिलेला नाही, तो राहून गेलेला नाही.

मी जन्म दिला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे उघडे होते. सुईण म्हणाली होती, हा बघतच आलाय.

ब्रदर मलाकीला सांगितलंय, तुझं पत्र आणू नकोस.
इस्मे


बॅलीरॉस
ऑक्टोबरचा नववा दिवस

ती. लसरीनाताईस,

मे महिन्यात गिळलेला नमस्कार आणि आजचा, असे दोन्ही एकदम करते. शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडे बातमी पोचली असेल, पण माझ्या डोळ्यांदेखत झालं ते मी सांगायला हवं. मिकेल्मसला जिल्बर्टनं टर्लोला जेवायला बोलावलं. मी तो शिवून घेतलेला झगा घालून गेले, वाया कशाला घालवायचा म्हणून. टर्लोसोबत अकरा माणसं होती. पाहुणे म्हणून गेल्यावर करतात तशी त्यांनी हत्यारं दाराशी ठेवली. बदकं आली, केशरी रंगाच्या रश्श्यातले मासे आले. जिल्बर्टनं माझ्याकडे ताट सरकवलं आणि मी सवयीनं काटे काढायला लागले. मी काटे काढत होते तेवढ्यात झालं. बारांपैकी कोणी टेबलावरून उठलं नाही. माझा भाऊ हात पुसून म्हणाला की आता मला झोप लागेल.

त्याचा कारभारी मला लहानपणापासून ओळखतो. तो मला घोड्यावर चढवताना रडत होता. मी त्याला विचारलं, हे कधी ठरलं. तो म्हणाला, बाईसाहेब, लेंटमध्येच. खुर्ची तेव्हाच ठरली होती, नाव तेवढं नंतर बदललं.

ताई, त्या खुर्चीवर आधी माझ्या मुलाचं नाव होतं. तो आनंदानं आला असता. मी समोर बसलेली असते.

तटाच्या भिंतीवर धुकं येऊन थांबतं, त्यालाही आत यायला बंदी असावी. मी त्याच्याकडे बघत बसते आणि पलीकडे तळं आहे असं धरून चालते.

मी लिहिलेलं परत घ्यायची सोय नाही. पण एक मागते. ते कडवं मला पाठव. ज्या शब्दांनी माझा मुलगा वाचला ते मला पाठ करायचेत. चर्चमध्ये बाकीच्या बायका जपमाळ ओढतात तेव्हा मी ते म्हणेन.

लोभ मागायचा मला हक्क नाही. तरी मागते आहे.
तुमची, इस्मे


तळ्यातलं घर
सर्व संतांच्या सणाचा आदला दिवस

चि. सौ. इस्मेस, लसरीनाचे अनेक आणि साठलेले आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र वाचून जाळ. ब्रदर मलाकीसमोर जाळ, म्हणजे त्यालाही कळेल की यात खाण्यासारखं काही नव्हतं.

कडवं पाठवता येत नाही, कारण ते नाही. कधी नव्हतंच.

रचायला बसले होते. तीन दिवस बसले. पहिली ओळ त्याच्या चालण्यावर घेतली. तो बदकासारखा चालतो, तू बघशीलच. लिहिता लिहिता ते बदक पाण्यात उतरलं आणि इतकं देखणं दिसायला लागलं की ओळ पुसावी लागली. मग त्याच्या अबोलपणावर घेतलं, तर त्यातून तळं झालं, सकाळचं. त्याच्या कानांवर घेतलं. कान मोठे आहेत त्याचे. पण पाच वर्षांचा असताना ताप आला होता तेव्हा ते कान दिव्यासमोर लाल दिसायचे, ते आठवलं आणि मी लेखणी ठेवली. मठाधिपती, दोन सरदार आणि एक बिशप यांना या जिभेनं घाम फोडला. त्या तीन दिवसांत तिच्यावर एक वाईट शब्द येईना. तुझा शाप खरा झाला म्हण, जीभ झडली.

मेच्या सातव्या दिवशी पहाटे फटफटताना त्याच्याकडे गेले. कडवं जमलं नाही तर निदान पळून जा म्हणावं, बापाच्या नावाचं काय व्हायचं ते होवो. तो टोपल्यांपाशी गुडघे टेकून बसला होता. एक टोपली त्यानं उताणी केली होती आणि तोंड आत धरलं होतं. हलत नव्हता. धुक्यात मला आधी वाटलं, नेहमीसारखा बातमी सांगतोय.

मी ओढून बाहेर काढला. तोपर्यंत डोळ्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. रडले मी. तो नाही. तो म्हणाला, आई, मला दुखतंय त्याचं काही नाही, चावली की ती मरते, त्यांचं वाईट वाटतं. सुजलेल्या बोटांनी मेलेल्या माश्या टोपीत गोळा करत होता. मग म्हणाला, हे मी केलं असं कळलं तर बाबांचं नाव जाईल. चुकून झालं म्हटलं तर कोणी मानणार नाही, या मला चावत नाहीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तू केलंस म्हण. तुझ्याबद्दल लोक काहीही मानतात.

तेवढं खरं होतं. म्हणून मी टेकडीवर तसं सांगितलं. आयुष्यात मिळवलेलं सगळं नाव मी त्या एका खोट्यावर उडवलं, आणि एवढ्या चांगल्या कामाला ते दुसरीकडे कुठे लागलं नसतं. परवा त्यांनी मला पिढं परत देऊ केलं. मी नको म्हटलं. मला माफ केलं तर लोक कडव्याबद्दल विचार करायला लागतील, आणि कोंबडीलाही आता त्या पिढ्याची सवय झालीय. टर्लोचा मुलगा शिळेवर चढला. वंशावळ म्हणताना तुझ्या नवऱ्याचं नाव घेतलं गेलं, स्पष्ट आणि मोठ्यानं. मी बाहेर कोंबडीशेजारी उभी राहून ऐकलं.

आता तुझं मागणं. ते शब्द नाहीत, पण ज्यानं ते रचू दिले नाहीत तो आहे. त्याला मी मेमध्येच विचारलं होतं, आता या तोंडानं काय करणार. तो म्हणाला, एका डोळ्याच्या माणसाला कोणी सरदार करत नाही, म्हणजे बाजारात मध विकायला मोकळा झालो. संत मार्टिनच्या बाजाराला तो बॅलीरॉसला येतोय. झगा काढून ठेवेल. मिशी त्यानं काल काढून पाहिली, सराव म्हणून. खालून तुझं तोंड निघालं. मला कोणी तरी ओळखीचं घरात आल्यासारखं वाटलं, आणि मी जरा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

लाल बूट घालेल. चिखलानं रंग गेलाय, पण माप तेच आहे.

कळावे. लोभ दोघींचा एकाच ठिकाणी आहे, तेव्हा वेगळा मागत नाही.
तुझी, लसरीना

ता. क. वेशीपाशी त्याच्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडचं त्याला दिसत नाही.